पोरीला कुठल्या कॉलेजात घालायचं?

(सहायक मंडळींच्या वार्षिक सभेत आपल्या मुलींच्या वसतिगृहाच्या व्यवस्थापिकेने केलेल्या भाषणाचा मजकूर.)



दरवर्षी मी इथं उभी राहते आणि किती मुली, किती गणवेश, किती धान्य हे सांगते. ते सगळं या खेपेला अहवालात छापलं आहे, त्यामुळे त्यात वेळ घालवत नाही. आज एकाच गोष्टीबद्दल बोलायचं आहे. उपासनेनंतर चहा घेताना तुमच्यापैकी कितीतरी जण मला विचारतात, "बाई, तुमची मुलगी बारावी सायन्सला ७० टक्के काढते आणि शेवटी जवळच्या गावात बी.ए. ला जाते. आम्ही मदत करायला तयार आहोत, मग ती पुण्याला, नाशिकला का येत नाही?" प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर मी माझ्या मनाने देण्यापेक्षा तिथल्याच लोकांचं ऐकावं, असं ठरवलं. या उन्हाळ्यात, उसतोडीला गुजरातेत गेलेली माणसं परतल्यावर, सातपुड्यातल्या पाड्यांवर जाऊन मी बसले. आईबापांशी बोलले, पोलीस पाटलांशी, आज्यांशी आणि खुद्द पोरांशी बोलले.

आमचा नंदुरबार जिल्हा १९९८ साली धुळ्यातून वेगळा झाला. २०११ च्या जनगणनेप्रमाणे इथले शंभरातले जवळजवळ ६९ लोक आदिवासी आहेत. आमच्याकडे मुली येतात त्या मुख्यतः अक्राणी म्हणजे धडगाव आणि अक्कलकुवा तालुक्यांतून. पावरा, भिल्ल, थोड्या मावची.

पहिल्याच पाड्यावर एका बापाने मला गप्प केलं. त्याच्या मुलीला नर्सिंगची सीईटी द्यायची आहे. मी नाशिकच्या कॉलेजांची माहिती देत होते, फी, निकाल, नोकऱ्या. तो शांतपणे ऐकत होता. मग म्हणाला, "बाई, कॉलेज चांगलं का वाईट ते मास्तरला कळतं. मला एवढं सांगा, रात्री पोरीला काही झालं तर फोन कोण उचलेल?"

कॉलेज निवडायची ही त्यांची कसोटी, आणि ती मला जवळजवळ प्रत्येक घरी भेटली. आपण निकाल पाहतो, ते पाहतात त्या गावात आपलं माणूस कोण आहे. धडगावहून नाशिकला जायला दिवस मोडतो. घाट उतरायचा, शहाद्याला गाडी बदलायची. पाड्यावर फोनची रेंज टेकडीवरच्या एका ठरावीक झाडाखाली मिळते. दिवाळीनंतर आईबाप ऊसतोडीला गेले की घरात आजी आणि लहान पोरं. पोरीने रडून फोन केला तर तो उचलायलाही कोणी नसतं. मग ज्या तालुक्याच्या गावात मामा राहतो तिथलं कॉलेज 'चांगलं' ठरतं, मग तिथं सायन्स असो वा नसो.

पैशाची अडचण नाही असं नाही, पण आपण समजतो तेवढी तीच एक अडचण नाही. आदिवासी विकास विभागाची वसतिगृहं आहेत. तिथं जागा मिळाली नाही तर पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयं योजना आहे. ती सुरू झाली तेव्हा मुंबई-पुण्यासारख्या शहरात वर्षाला ६० हजार, इतर महापालिकांच्या शहरांत ५१ हजार, जिल्ह्याच्या ठिकाणी ४३ हजार असा दर होता. पैसे हप्त्याने बँकेत येतात आणि खोलीचा मालक मात्र पहिल्याच दिवशी अनामत मागतो. तेवढी खिंड आपल्या सहायक निधीतून लढवता येते, आपण लढवतोही. पण अठरा वर्षांच्या पोरीने शहरात एकटीने खोली शोधायची, हे कुठल्या बापाला पटेल? तुम्हाला पटेल का?

म्हणून मी तुमच्याकडे यंदा पैशाआधी घरं मागते. नाशिकमध्ये, धुळ्यात, पुण्यात ज्यांची घरं आहेत त्यांनी एकेका मुलीचं 'गावातलं माणूस' व्हायचं. तिला घरात ठेवून घ्या असं म्हणत नाही. महिन्यातून एक रविवार जेवायला बोलवायचं, आईबापांना एकदा तोंड दाखवायचं आणि रात्री फोन वाजला तर उचलायचा. गेल्या वर्षी चार कुटुंबांनी हे केलं. त्या चारही मुली कॉलेजात टिकून आहेत.

आता गुन्ह्याबद्दल. शहराची भीती वाटते असं आईबाप म्हणतात तेव्हा त्यांना काय दिसतं, हे मी विचारलं. रस्त्यावरचे गुंड, गाड्या हे त्यांच्या बोलण्यात फारसं आलं नाही. आलं ते एक नाव, डॉ. पायल तडवी. जळगावकडची, तडवी भिल्ल समाजातली ही मुलगी एमबीबीएस होऊन मुंबईत पुढचं शिक्षण घेत होती. मे २०१९ मध्ये तिने जीव दिला. वरिष्ठांनी जातीवरून छळ केल्याचा आरोप आहे आणि प्रकरण न्यायालयात आहे, म्हणून त्यातल्या खऱ्याखोट्याबद्दल मी बोलणार नाही. पण खानदेशातल्या आदिवासी घरांत हे नाव सगळ्यांना माहीत आहे. एक आई मला म्हणाली, "ती तर डॉक्टर होती. माझ्या पोरीला तर नीट मराठी पण येत नाही." पाड्यावर पावरी बोलणारी मुलगी दहावीपर्यंत आश्रमशाळेत शिकते आणि एकदम शहरातल्या वर्गात जाऊन बसते. तिच्या बोलण्याला हसणारे तिथं असतात, हे आपण सगळे जाणतो.

त्या घरी मी रॅगिंगविरुद्धचा महाराष्ट्राचा कायदा वाचून दाखवला. तो १९९९ सालचा आहे, म्हणजे बऱ्यापैकी जुना, आणि चार पानांचा. त्यात लिहिलं आहे की कॉलेजच्या आत किंवा बाहेर रॅगिंग करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. गुन्हा सिद्ध झाला तर त्याला काढून टाकायचं आणि पाच वर्षं दुसरीकडे प्रवेश द्यायचा नाही. लेखी तक्रार मुलीने करावी असंच नाही, आईबाप करू शकतात, शिक्षकही करू शकतात. तक्रार आल्यावर सात दिवसांत प्राचार्यांनी चौकशी करायची. तथ्य दिसलं तर त्या विद्यार्थ्याला निलंबित करून तक्रार पोलिसांकडे पाठवायची, तथ्य नाही वाटलं तर तसं लेखी कळवायचं. आणि प्राचार्यांनी काहीच केलं नाही तर त्यांनीही या गुन्ह्याला साथ दिली असं कायदा धरतो.

हे शेवटचं वाक्य मला दोनदा वाचायला लावलं. मुलीचा काका म्हणाला, "म्हणजे साहेबालाही शिक्षा?" मग जरा थांबून, "हे त्या साहेबाला माहीत आहे का?"

मला तो प्रश्न फार आवडला. आता आम्ही प्रवेश घ्यायला जातो तेव्हा तोच विचारतो. रॅगिंगची तक्रार कोण घेतं, त्यांचं नाव काय, वसतिगृहात रात्री कोण असतं? एका कॉलेजात कारकुनाने हसून विषय टाळला. दुसऱ्या ठिकाणी बाईंनी उठून समितीची यादी दाखवली, त्यावर फोन नंबर होते. दोन्हीकडे फी सारखीच होती. बापाने कुठलं निवडलं हे सांगायला नको.

आणखी एक गोष्ट लोकांना मोलाची वाटली. मुलीवर नाशिकला काही प्रसंग आला तर बापाने नाशिकलाच धावायला हवं असं नाही. गुन्हा कुठंही घडला तरी कोणत्याही पोलीस ठाण्यात खबर नोंदवता येते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत हे स्पष्ट लिहिलेलं आहे. धडगावच्या ठाण्यात नोंदवा, ते पुढे पाठवतील. ठाण्यात तसं सहज होतं असं मी म्हणत नाही. पण 'आमच्या हद्दीत येत नाही' या उत्तरावर परत फिरायचं नाही, एवढं तरी कळतं.

पण बंधुभगिनींनो, पाड्यावर कायदा हा शब्द काढला की आधी आठवते ती जीप. कायदा आपल्याला राखतो असं तिथं क्वचितच कोणी म्हणतं. कायदा येतो आणि माणूस घेऊन जातो. जंगलाच्या जमिनीवरून, मोहाच्या दारूवरून, भांडणावरून. आणि त्याची मुलांच्या शिक्षणाशी गाठ कशी पडते ते सांगते.

एक मुलगा सतरा वर्षांचा. आजीने गाळलेल्या मोहाच्या दारूचा कॅन पोचवताना पकडला गेला. महाराष्ट्राचा दारूबंदी कायदा १९४९ चा. मोहफुलं गोळा करण्यावरचे, साठवण्यावरचे, नेण्यावरचे निर्बंध सरकारने २०२१ मध्ये काढले, पण दारू गाळणं आणि विकणं हा गुन्हाच आहे. घरात यावर एकमत नाही, बरं का. आजी म्हणते, "देवाला चालते, पाहुण्याला चालते, पोलिसाला का चालत नाही?" तिची सून म्हणते, "माझा नवरा त्यातच संपला, बंद झाली पाहिजे." मी तिला म्हटलं, परवान्याचं दुकान असेल तर बायका मतदान घेऊन बाटली आडवी करू शकतात. ती म्हणाली, "आमच्याकडे दुकानच नाही बाई. चूल आडवी करू का?" मी सुनेच्या बाजूची आहे, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. पण त्या आजीला वर्षाचं मीठमिरची त्या चुलीवरच मिळतं, हेही डोळ्यांनी पाहिलं आहे.

तर तो मुलगा. केस झाली म्हणजे आपल्याला आता कॉलेज नाही, भरती नाही, असं त्याने धरलं आणि बारावीचा फॉर्मच भरला नाही. कोणीतरी त्याला सांगितलं होतं की चारित्र्याचा दाखला आता जन्मात मिळणार नाही. हे खोटं आहे. अठराच्या आतल्या मुलाचं प्रकरण बाल न्याय मंडळासमोर जातं. २०१५ च्या बाल न्याय कायद्याप्रमाणे अशा मुलाला त्या प्रकरणामुळे पुढे अपात्र धरायचं नाही. अगदी गंभीर गुन्ह्यात सोळा-सतरा वर्षांच्या मुलावर मोठ्यांसारखा खटला चालला तर गोष्ट निराळी, पण हा कॅनचा गुन्हा त्यातला नव्हे. प्रकरण मिटलं की चारित्र्य दाखल्यासाठी पोलिसांनी ती नोंद उघड करायची नाही, असंही तो कायदा सांगतो. आम्ही त्याला वकिलाकडे नेलं. त्याचे पैसे पडले नाहीत, कारण अनुसूचित जमातीच्या माणसाला, उत्पन्न कितीही असो, विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. स्त्रियांनाही मिळतो. हा कायदा १९८७ सालचा आहे आणि मी भेटले त्या लोकांपैकी फक्त एका पोलीस पाटलांना तो ठाऊक होता. एक वर्ष वाया गेलं, पण यंदा त्या मुलाने बारावीचा फॉर्म भरला.

आता जे सांगणार आहे ते सांगायला अवघड आहे. तरुण संघातली मुलं समोर आहेत, त्यांनीही ऐकावं.

आमच्याकडे पोरगा-पोरगी एकमेकांना पसंत करतात, कधी पळून जातात, मग दोन्हीकडचे पंच बसतात, दापा ठरतो, जेवण होतं. पिढ्यान्‌पिढ्या असं चालत आलं. मुलगी कित्येकदा सतरा वर्षांची असते, सोळाचीही. ती बाळंतपणाला सरकारी दवाखान्यात जाते. डॉक्टर वय पाहतात आणि पोलिसांना कळवतात, कळवावंच लागतं, पोक्सो कायदा २०१२ चा तसं सांगतो. मुलगा वीस वर्षांचा असतो, त्याला अटक होते. मुलीची संमती कायदा धरत नाही. शिक्षा दहा वर्षांपेक्षा कमी नाही, आणि मुलगी गरोदर राहिली असेल तर ती किमान वीस वर्षांवर जाते. लग्न झालं होतं म्हणून सुटका नाही. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तीही वाट बंद केली.

यात वयाचा घोळ निराळाच. जन्माची नोंद नसते, शाळेत घालताना मास्तरांनी १ जून लिहिलेला असतो. आमच्या वसतिगृहात मोजल्या तर १ जूनच्या मुली इतक्या आहेत की त्या दिवशी आम्ही एकच मोठा केक करतो. पण वय ठरवताना शाळेचा दाखला पहिला पाहतात. आई म्हणते पोरगी एकोणीसची, कागद म्हणतो सतरा, आणि कोर्ट कागद पाहतं.

गावाचं मत विचारलं. पुरुष बहुतेक म्हणाले, हा कायदा आमच्यासाठी नाही, आमची रीत वेगळी. बायका तसं म्हणाल्या नाहीत. ज्यांची स्वतःची लग्नं पंधराव्या वर्षी झाली त्या तर मुळीच नाही. एक जण म्हणाली, "पोराला जेलात घालू नका. पण पोरीला इतक्या लवकर आई पण करू नका." माझंही मत साधारण असंच आहे. अल्पवयीन मुलीला राखणारा कायदा हवाच, त्यात सवलत मागायला मी कोणाकडे जाणार नाही. पण ज्या गावाला तो कधी कोणी समजावून सांगितलाच नाही, तिथं तो वीस वर्षांची कैद घेऊनच पहिल्यांदा पोचावा, हे मनाला लागतं. म्हणून आम्ही नववीपासून मुलामुलींना एकत्र बसवून हा कायदा सांगतो, आणि पंचांनाही सांगतो.

आणि कॉलेजचा संबंध इथंच येतो. बाप म्हणतात, पोरीला शहरात पाठवली तर ती पळून जाईल. त्यावर पाड्यावरच्याच एका बाईने सगळ्यांसमोर उत्तर दिलं, "घरी ठेवलेल्या किती टिकल्या? कॉलेजात असली तर अठराची तरी होईल." त्या बैठकीत दोन मुलींची नावं प्रवेशासाठी लिहिली गेली. मी फक्त लिहून घेत होते.

शेवटी कागदाचं. तुमच्यापैकी पुष्कळांना हे रूक्ष वाटेल, पण गुण असूनही मुलगी मागे राहते ती बहुधा इथं. जातीचा दाखला प्रांताधिकाऱ्यांकडून मिळतो. पण राखीव जागेवर डॉक्टर, इंजिनिअर, नर्स व्हायचं असेल तर जमातीचं वैधता प्रमाणपत्र लागतं. त्यासाठी राज्याचा २००० सालचा कायदा आहे. खोट्या दाखल्यांवर लोक खऱ्या आदिवासींच्या जागा घेत होते, म्हणून तो झाला, आणि तो हवाच आहे. पण त्याचा भार पडतो खऱ्यांवर. ६ सप्टेंबर १९५० च्या आधीचा वडिलांकडचा पुरावा मागतात, आणि आजोबा तर शाळेतच गेले नव्हते. मग तपासणी, दक्षता पथक, चालीरीतींचे प्रश्न. या प्रश्नांना आप्तभाव चाचणी म्हणतात. ती एकमेव कसोटी धरायची नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२३ मध्ये सांगितलं आहे.

घरातल्या पहिल्या मुलीला हे सगळं पार पाडावं लागतं. एकदा तिचं झालं की भावाचं, काकांच्या मुलांचं काम पुष्कळ सोपं होतं, कारण वडिलांकडच्या जवळच्या नातलगाची वैधता पुरावा म्हणून दाखवता येते. एका मुलीच्या मागे पंधरा-वीस मुलं उभी असतात. म्हणून आम्ही अकरावीतच अर्ज भरायला लावतो. बारावीच्या निकालानंतर धावपळ केली तर प्रवेशाची फेरी निघून जाते.

आपल्या मंडळीतल्या लोकांमध्ये याबद्दल एक गैरसमज आहे. मला ख्रिस्ती आदिवासी घरांत विचारतात, "आम्ही विश्वासात आलो, आता आमची जमात गेली ना?" नाही. अनुसूचित जमातींच्या १९५० च्या आदेशात धर्माची अट नाही. अनुसूचित जातींच्या आदेशात आहे, त्यामुळे लोकांची गल्लत होते. धर्म बदलला म्हणून जमात आपोआप जात नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्येही म्हटलं. मात्र जमातीशी नातं, रीतिरिवाज टिकले आहेत का, हे पाहिलं जाऊ शकतं. म्हणून शाळेच्या दाखल्यात जातीच्या रकान्यात नुसतं 'ख्रिश्चन' लिहू नका. धर्म ख्रिस्ती असेल तर ख्रिस्ती लिहा, जमात भिल्ल असेल तर भिल्ल, मावची असेल तर मावची. यात लपवण्यासारखं काही नाही, दोन्ही खरं आहे.

आणि इथं जुन्या मंडळ्यांकडे काहीतरी आहे जे दुसऱ्या कोणाकडे नाही. बाप्तिस्म्याच्या, लग्नाच्या, मिशन शाळांच्या १९५० च्या आधीच्या वह्या. त्यात कित्येकदा बापाचं नाव, गाव आणि जमात लिहिलेली असते. समिती ती मानेलच असं मी सांगू शकत नाही, पण काहीच नसलेल्या माणसाला तो एक धागा मिळतो. माझी पाळकसाहेबांना आणि वडिलांना विनंती आहे, कपाटातल्या त्या वह्या वाळवी लागण्याआधी काढा, पानांचे फोटो घ्या आणि कोणी उतारा मागायला आलं तर त्याला तारीख देऊन परत पाठवू नका.

नर्सिंगच्या त्या मुलीचं काय झालं, हे तुम्ही विचाराल. तिच्या आजोबांच्या धाकट्या भावाची १९४७ सालची शाळेची नोंद घाटाखालच्या एका गावात सापडली. अर्ज गेला आहे, सुनावणीची तारीख अजून आलेली नाही. सीईटी तिने दिली आहे. बाप नाशिकला येऊन ज्या घरचा फोन लागणार आहे ते घर पाहून गेला, तिथं जेवला, आणि परत जाताना त्या घरच्या ताईंना पिशवीभर आंबाडीचा पाला देऊन गेला. सभेनंतर मी मागच्या टेबलापाशी बसणार आहे. ज्यांची घरं शहरात आहेत, जे वकील आहेत, तहसीलात काम करतात किंवा निवृत्त शिक्षक आहेत, त्यांनी नाव आणि फोन नंबर लिहून द्यावा. जून जवळ आला आहे.